खिळ्यावरची पुडी

अमरावतीत ज्या घरच्या देवांना रोज फुलं लागत, त्या घराच्या चौकटीला बाहेरून एक खिळा ठोकलेला असे. माळीण पहाटे येणार, पळसाच्या पानात बांधलेली पुडी त्या खिळ्याला अडकवणार आणि कडीसुद्धा न वाजवता पुढच्या घरी जाणार. घरात सवाष्ण असली तर देवाच्या फुलांवर तिच्यासाठी एक वेणी. घरात कोणी गेलं, सुतक आलं, की माळणीकडे निरोप जायचा, "पुडी बंद." दहा दिवस पुडी नाही. अकराव्या दिवशी पुन्हा सुरू व्हायची, आणि गेलेला माणूस घरधनी असला तर वेणी वगळून सुरू व्हायची. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. सगळ्या माळणींना ते ठाऊक होतं आणि सगळ्या घरांनाही.

पार्बताबाई ही अशीच एक माळीण. नागपुरी गेटाबाहेर तिचा लहानसा मळा, त्यात एक विहीर, अबोली, शेवंती, मोगऱ्याची झाडं आणि एक जुना चाफा. नवरा त्याच मळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून गेला होता. तो गेला तेव्हा सगळी आळी गोळा झाली, सगळ्यांनी त्याचं निळं पडलेलं अंग पाहिलं आणि त्याच्या मरणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गरिबाच्या मरणावर संशय घ्यायला कोणाला वेळ आहे? पार्बताबाईने वेण्या गुंफायचं काम दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा सुरू केलं. स्वतःच्या डोक्यात मात्र तिने त्यानंतर पाकळी घातली नाही. बाई मोठी फटकळ होती. अंबादेवीच्या देवळापाशी उरलेली फुलं विकायला बसली की गिऱ्हाईक भाव करायला बिचकायचं.

तिच्या ठरलेल्या घरांतलं एक घर भगवंतराव मॅनेजरांचं. मॅनेजर म्हणजे बँकेचे मॅनेजर. गावात तशा दुसऱ्याही बँका होत्या, पण नुसतं 'बँक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भगवंतरावांचीच यायची. माणूस साधा, उंच, घाईघाईने बोलणारा. बाहेर पडताना खिळ्यावरच्या पुडीतून एखादी मोगऱ्याची कळी हळूच काढून घ्यायची त्याची सवय होती. "देवाची फुलं चोरून राहिले तुमी," असं पार्बताबाईने एकदा तोंडावर सुनावलं, तर हसून म्हणाले, "देव माझ्या बँकेत खातं ठेवून आहे, तो रागावायचा नाही." त्यांची बायको शकुनबाई. मूलबाळ नाही. माळणीला ओट्यावर बसवून पाणी, आणि उन्हाळ्यात पन्हं देणारी गावातली ती एकटीच.

मग ती मंदीची सालं आली. कापसाला कोणी विचारीना. लोक बँकेतून पैसे काढायला लागले, आणि एका शनिवारी बँकेने दार लावलं ते सोमवारी उघडलंच नाही. लोक दारावर हात आपटत होते तेव्हा भगवंतराव बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला निघाले होते. तिथल्या शाखेतून आणि ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून काही जमवून आणतो, असं सांगून गेले. मंगळवारी संध्याकाळी धाकट्या भावाला, वामनरावांना, तार आली. भगवंतराव वारले. उन्हाळ्यामुळे अग्नी देऊन टाकला. ताबडतोब निघा.

वामनरावांनी काय केलं? जे वऱ्हाडातल्या कोणत्याही घरच्या शहाण्यासुरत्या पुरुषाने केलं असतं तेच. बाईमाणसाला सांगायचं नाही. आपण जाऊन यायचं, खातरजमा करायची, चार माणसं गोळा करायची आणि मग सांगायचं. वहिनीला म्हणाले, "दादानं अकोल्याले बोलावलं," आणि गेले. इकडे तार आणणाऱ्याने वाटेतल्या पानठेल्यावर तोंड उघडलं, आणि सकाळपर्यंत ती बातमी अख्ख्या गावाला ठाऊक झाली. ठाऊक नव्हतं ते फक्त शकुनबाईला, आणि गेटाबाहेरच्या मळ्यात राहणाऱ्या पार्बताबाईला. 'पुडी बंद'चा निरोप देणार कोण? ज्या घरातून तो यायचा त्या घरालाच पत्ता नव्हता.

बुधवारी पहाटे पार्बताबाई नेहमीसारखी पुडी घेऊन गेली. दार उघडंच होतं. शकुनबाई तुळशीला पाणी घालत होती. तिने पुडी हातातच घेतली, वेणी काढून डोक्यात माळली आणि म्हणाली, "पार्बताबाई, परवा देवाला चाफा घाल बरं का पुडीत. ते येतील परवापर्यंत. त्यांना चाफा आवडतो."

"घालतो ना वैनीबाई, झाड बहरून राह्यलं," असं म्हणून पार्बताबाई पुढच्या घरी गेली.

उजाडल्यावर ठेवीदार मॅनेजरांच्या दाराशी जमायला लागले. त्यांना काय दिसलं? ज्या बाईचा नवरा काल अकोल्यात जळाला, ती डोक्यात मोगऱ्याची वेणी घालून दारापुढे रांगोळी काढत होती. मान वर करून तिने विचारलं, "काय झालं? बँक उघडली का?" एवढी माणसं तिथं उभी होती, पण एकाच्याही तोंडून खरी गोष्ट निघाली नाही.

देवळापाशी पार्बताबाई टोपली उतरवत होती तेव्हा उत्तमराव तिच्यापुढे येऊन उभे राहिले. हे उत्तमराव कापसाचे अडते. आयुष्यभराची कमाई त्यांनी भगवंतरावांच्या शब्दावर बँकेत ठेवली होती, त्यामुळे त्यांच्या रागाला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं.

"मॅनेजरच्या घरी आज पुडी देली का तू?" त्यांनी विचारलं.

"देली ना."

"घेतली तिनं?"

"हातानं घेतली. वेनी माळली. म्हने परवा चाफा आनजो, ते येऊन राह्यले." आणि मग आजूबाजूच्या माणसांचे चेहरे पाहून तिने विचारलं, "काहून? काय झालं?"

सांगितलं तेव्हा तिने टोपली दूर सारली. "अरे बाप्पा, तिले माहीतच नाई रे," ती रडत म्हणाली. "कोनी सांगतलंच नाई तिले. म्या माह्या हातानं वेनी देली." पण उत्तमरावांना हवं होतं तेवढं त्यांनी ऐकून घेतलं होतं. दुपारपर्यंत गावात एकच बोलणं झालं. मॅनेजर मेलाबिला काही नाही. बायको वेणी माळून बसली आहे आणि परवा तो येणार म्हणून माळणीला चाफा सांगते आहे. खुद्द माळीणच सांगते, अजून काय पुरावा पाहिजे? पार्बताबाईचं पुढचं रडणं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

वामनराव अस्थी घेऊन परतले. शकुनबाईला सांगितलं गेलं. तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या. त्या दिवशी घरातून बाहेर आलेला आवाज ज्यांनी ऐकला त्यांनीही म्हटलं, "नाटक मस्त करते बाई." अस्थींच्या मडक्याकडे बोट दाखवून एकाने विचारलं, "राख तं कोन्याही चुलीत भेटते, नाई का?" वामनरावांनी ते मडकं छातीशी धरलं आणि घरात निघून गेले.

बरं, संशयाला खतपाणी घालायला वर्तमानपत्रं होतीच. अमरावतीच्या पत्रात आलं, शाखेच्या कचेरीत काम करताना हृदय बंद पडलं. नागपूरच्या पत्रात आलं, मोर्णा नदीत स्नान करताना बुडाले. वैशाखात मोर्णेत म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते, तिथं उंचापुरा मॅनेजर बुडाला! कोणी म्हणालं, विहिरीत उडी घेतली. धामणगावहून आलेल्या एकाने तर शपथेवर सांगितलं की भगवंतरावांना तिथल्या स्टेशनात केळी घेताना पाहिलं, अंगात कोट होता. रिद्धपुरात पाहिला म्हणणाराही निघाला. म्युनिसिपालटीचा दाखला आला, त्यात हृदयच लिहिलं होतं, तर उत्तमराव म्हणाले, दाखले विकत मिळतात. पोलीस दोनदा घरात येऊन कपाटं उघडून गेले. शकुनबाईच्या दाराशी रोज माणसं बसायची. ती पाणी आणायला निघाली की तिच्या कपाळाकडे पाहायची.

हे सगळं आपल्या तोंडून सुरू झालं, हे पार्बताबाईच्या मनातून जाईना. गिऱ्हाइकाशी भांडायची तिची हौस गेली. एक दिवस तिने टोपली शेजारणीकडे दिली आणि अकोल्याची गाडी धरली. अकोल्याला तिची मावसबहीण मनकर्णा राहायची. तीही माळीण. अकोल्यात कोणाच्या घरी काय झालं हे मनकर्णाला ठाऊक नसेल असं होणार नाही, एवढा पार्बताबाईला भरवसा होता.

मनकर्णाने तिला पाटावर बसवलं, दार लोटून घेतलं आणि मगच तोंड उघडलं.

"म्या पाह्यलं त्याले," ती म्हणाली. "शेषरावशेटच्या वाड्यात. शेटच्या पोरीचं लग्न होतं ना. मांडवाचे हार, मुंडावळ्या, समदं माह्याकडून. तुहा मॅनेजर तठीच उतरला होता. रातभर वकारी, जुलाब. दुपारी खलास. पटकी होती वं पार्बते."

"मंग हृदयाचं काहून सांगतलं?"

"अवो, लग्नाच्या मांडवात पटकी झाली म्हनून सांगन का कोनी? वऱ्हाड उठून गेलं असतं. आमी त्याले कचेरीत नेलं, तठीच मेला असं सांगतो, असं शेट म्हने. मागच्या दारानं उचलला. त्याच्या अंगावर टाकाले फूल नव्हतं, तं म्या नवरदेवाच्या हारातून एक सर तोडून देला." मनकर्णाने डोळे पुसले. "गोरा होता. नाकाजवळ तीळ होता, डाव्या अंगाले. होता ना?"

होता. पार्बताबाईने मान हलवली.

"माह्यासंग अमरावतीले चाल," ती म्हणाली. "चार लोकायपुढं एवढंच सांग."

मनकर्णाने हात जोडले. "माहं पोट शेटच्या वाड्यावर हाये," ती म्हणाली. "पोरगी नांदाले गेली. तिच्या सासरी समजलं की मांडवात मुडदा होता, तं काय होईन तिचं? तू काईही म्हन, मी येत नाई." पार्बताबाई तिच्यावर ओरडली, तिला नाही नाही ते बोलली. मग दोघी रडल्या, आणि मनकर्णाने तिला स्टेशनापर्यंत पोचवलं.

अमरावतीला येऊन ती सरळ उत्तमरावांच्या अडतीवर गेली. भरल्या दुकानात उभं राहून तिने सगळं सांगितलं. पटकी, लग्न, मागचं दार, तीळ. फक्त मनकर्णाचं नाव तेवढं घेतलं नाही.

उत्तमरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोनं पाह्यलं?" ते म्हणाले.

"मी वळखतो तिले. नाव नाई सांगत."

"पहिले म्हनले कचेरीत हृदय. मंग म्हनले नदी. मंग विहीर. आता तू पटकी आनली." दुकानातले लोक हसले. "शेषरावशेट सांगतात, मॅनेजर आमच्या घरी आलाच नाई. शेटसारखा माणूस खोटा, आन् तुही नाव नसलेली बाई खरी? सांग बरं, हे सांगाले तुले किती भेटले त्या घरून?"

पार्बताबाईच्या तोंडाला तोंड देणारा माणूस आजवर जन्मला नव्हता. त्या दिवशी मात्र ती पदर सावरून दुकानाच्या पायऱ्या उतरली. दुसऱ्या दिवसापासून गावात मॅनेजरच्या मरणाची अजून एक हकीकत फिरायला लागली, पटकीची, आणि ती बाकीच्यांइतकीच खोटी धरली गेली.

दहाव्या दिवशी अंबानाल्याकाठी पिंड ठेवले तेव्हा तर जत्रा लोटली. कावळा शिवतो की नाही, हे पाहायला अर्धं गाव आलं होतं. पोरं झाडांवर चढून बसलेली, म्हातारे छत्र्या उघडून उभे. अरे, एवढ्या कालव्यात कोणता कावळा खाली उतरेल? वामनराव हात जोडून लोकांना मागे सरका म्हणत होते. कोणी सरकलं नाही. कावळे लांबच्या लिंबावर ओरडत बसले आणि उन्हं चढली तरी खाली आले नाहीत. "पाहा," गर्दीतून आवाज आला. "जित्या मानसाच्या पिंडाले कावळा शिवन तरी कसा?" शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

अकराव्या दिवशी पार्बताबाई पुडी घेऊन गेली. रिवाजाप्रमाणे वेणी घातली नव्हती. अकोल्याला काय ऐकलं ते आज वहिनीबाईंना सांगायचं, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. लोकांनी नाही ऐकलं तर मरू दे, निदान तिला तरी कळेल की नवऱ्याच्या अंगावर शेवटी फुलं पडली होती.

शकुनबाई दारातच उभी होती. तिने पुडी घेतली, उघडली, फुलं बाजूला करून खाली पाहिलं आणि विचारलं, "वेणी कुठे आहे?"

पार्बताबाईला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. मग तिने शकुनबाईच्या कपाळाकडे पाहिलं. तिथं कुंकू होतं, ओलं, नुकतंच लावलेलं.

"कावळा शिवला नाही, पाहिलंस ना?" शकुनबाई हळू आवाजात म्हणाली. "सगळं गाव म्हणतं आहे. एवढे लोक खोटं कसं बोलतील? धामणगावला त्यांना केळी घेताना पाहिलं म्हणे. त्यांना केळी फार आवडतात, पार्बताबाई. त्या माणसाला हे कसं ठाऊक असणार?"

"वैनीबाई," पार्बताबाई म्हणाली, "मी अकोल्याले गेलती."

"मग? तिथं पण दिसले का कोणाला?"

ज्या लोकांनी या बाईला दहा दिवस जगू दिलं नव्हतं, त्यांचाच संशय आता ती पदरात घेऊन उभी होती. तो काढून घेतला की तिच्याजवळ काहीच उरणार नव्हतं. नवरदेवाच्या हारातली सर, नाकाजवळचा तीळ, सगळं पार्बताबाईच्या जिभेवर आलं होतं.

"नाई," ती म्हणाली. "तठी कोनाले नाई दिसले."

दुसऱ्या दिवशी तिने पुडीत वेणी घातली. बाकीच्या माळणींनी तिला वाळीत टाकायचंच बाकी ठेवलं. रांडमुंड बाईला वेणी देते, पाप लागेल, म्हणाल्या. "लागू द्या मले," एवढंच ती म्हणायची.

पुढे बँकेच्या देण्यापायी ते घर गेलं. वामनराव नोकरीला यवतमाळला गेले, वहिनीला चला म्हणाले, ती गेली नाही. ते आले आणि मी इथं नसले तर, म्हणाली. गावातल्याच बुधवारा वस्तीत एक खोली घेऊन ती लोकांचं शिवण करत राहिली. पार्बताबाईने त्या खोलीच्या चौकटीला स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. हळदीकुंकवाला शकुनबाईला कोणी सवाष्ण म्हणून बोलावत नसे, आणि विधवा म्हणून कोणी तिची कीवही करत नसे. रस्त्यात पोरं विचारायची, "मॅनेजरीनबाई, साहेबाचा कागद आला का?" ती थांबून उत्तर द्यायची, "अजून नाही रे बाळा." पार्बताबाई रोज वेणी देत होती आणि रोज तिला वाटायचं की आपण हिला जिवंतपणी फसवतो आहोत. कोणत्याही दिवशी सांगता आलं असतं, पण एकाही दिवशी ते सांगणं जमलं नाही. मनकर्णाही मध्यंतरी मेली. आता अमरावतीकरांना ती गोष्ट सांगू शकेल अशी पार्बताबाई एकटीच उरली.

पुन्हा लढाई सुरू झाली होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्या साली माघात एका सकाळी खिळ्यावर कालची पुडी तशीच लटकलेली तिला दिसली. पार्बताबाईने दार ढकललं. शकुनबाई अंथरुणातच गेली होती.

बाया जमल्या. तार मिळून वामनराव दुपारी आले, केस पांढरे झालेले. भटजी आले. आंघोळ घालायची वेळ झाली आणि तिथंच अडलं. शेजारची वच्छला तबक हातात घेऊन उभी होती. "मळवट भरायचा का नाई?" ती म्हणाली. "हिरवं लुगडं नेसवायचं का पांढरं? सवाष्ण का रांडव, कोनीतरी सांगा मले."

"मी स्वतः अस्थी आणल्या होत्या," वामनराव म्हणाले. पूर्वीसारखंच, कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बायांचे दोन तट पडले. मेलेली बाई मधोमध पडून होती आणि तिच्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं. शेवटी वच्छला वळून म्हणाली, "पार्बताबाईले विचारा. इतकी वर्सं वेनी हेच देऊन राह्यली. हिले खरं माहीत असन."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. बाहेर ओट्यावर पुरुषमाणसं होती, त्यांनीही दाराकडे कान केले. खरं ऐकून घेणारी जी माणसं पार्बताबाईला तेव्हा अडतीवर मिळाली नव्हती, ती आज आपणहून तिच्यापुढे आली होती. आणि आज खरं सांगितलं तर शकुनबाई पांढऱ्या लुगड्यात जाणार होती.

तिने टोपलीतून वेणी काढली. खाली बसली, शकुनबाईची मान सावरून तिच्या विरळ केसांत ती नीट खोवली. "सवाष्ण हाये," ती म्हणाली. "हिरवं लुगडं काढा."

वच्छलाने मळवट भरला. एकदोघी रडल्या. आणि ओट्यावरून उत्तमरावांचा आवाज आला, म्हातारा झालेला, कापरा, पण कैक वर्षांत एवढा खूष कोणी ऐकला नसेल असा. "ऐकलं? मी काय म्हनत होतो? जिता हाये थो. आमचे पैसे घेऊन कुठीतरी बसला हाये आरामात. माळनीले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आज निंघालं तोंडातून."

पार्बताबाई उठून दारापर्यंत आली. मेला आहे रे तो, पटकीनं मेला आहे, माझ्या बहिणीनं त्याच्या अंगावर फुलं टाकली आहेत, असं तिला ओरडायचं होतं. मागे शकुनबाई हिरव्या लुगड्यात निजली होती. पार्बताबाईने चौकट धरली आणि तोंडाला पदर लावला.

तिरडी उचलायला चौथा माणूस मिळेना. वामनरावांना ओट्याकडे पाहून दोनदा हाक मारावी लागली. बाकी सगळे ओट्यावर उभे राहून भगवंतराव आता कोणत्या गावी असेल, यावर बोलत होते.